चरबीची पेशी, पण कोणाची?

शुक्रवारी जुम्याची नमाज सुटली की मशिदीच्या फाटकापाशी टेबलं लागतात. अत्तर, मिस्वाक, टोप्या, खजूर. त्या विक्रेत्यांशी माझं भांडण नाही. हातावर पोट असलेली माणसं आहेत. पण दोनेक वर्षांपासून त्यातल्या एका टेबलावर एक पांढरी प्लास्टिकची बाटली दिसते. हिरवं लेबल, त्यावर काळ्या दाण्यांचं चित्र, आत साठ कॅप्सूल, आणि खाली मराठीत आणि उर्दूत एकच वाक्य: ‘चरबीच्या पेशी तयार होण्याची प्रक्रिया रोखली जाते असे वैज्ञानिक संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ त्याखाली बारीक अक्षरात ‘शुगरवरही गुणकारी’.

माझ्या खालाने त्या कॅप्सूल चार महिने घेतल्या. खाला ६१ वर्षांची, वजन ४६ किलो, हातपाय काडीसारखे, पोट तेवढं थोडं पुढे आलेलं. नऊ वर्षांपासून साखर आहे. डॉक्टरांच्या गोळ्या तिने हळूच बंद केल्या आणि घरात कोणाला सांगितलं नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “कलौंजी है बेटी, इसमें क्या डरना?” पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम चिघळली, दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती. अंगठा काढावा लागला.

हे सांगितलं की लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, बघा, तुमच्या लोकांत अंधश्रद्धाच फार. दुसरा म्हणतो, आपा, तुम्ही कलौंजीविरुद्ध बोलता म्हणजे हदीसविरुद्ध बोलता. दोघांनाही माझी विनंती आहे की जरा थांबा. कलौंजी माझ्याही स्वयंपाकघरात आहे, नानवर आणि लोणच्यात घालते, आणि काळ्या दाण्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे हे मलाही माहीत आहे. खालाला कलौंजीने फसवलं नाही. बाटलीवरच्या त्या वाक्याने फसवलं, आणि ते वाक्य हदीसमधलं नाही, विज्ञानाचा शिक्का मारलेलं आहे. म्हणून मी आज त्या वाक्याबद्दल लिहिते आहे.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. सहावीच्या मुलांना विभक्ती शिकवताना मी सांगते की षष्ठी ओळखायची असेल तर ‘कोणाचा, कोणाची, कोणाचे’ असं विचारा. आता बाटलीवरचं वाक्य पुन्हा वाचा. ‘चरबीच्या पेशी’ हे ठीक. पण कोणाच्या? माझ्या खालाच्या? तुमच्या? वाक्यात ती षष्ठी नाहीच. जिथे ती असायला हवी होती तिथे एक उंदीर बसलेला आहे, आणि तो लेबलवर येऊ दिलेला नाही.

हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं. ती आता एका प्रयोगशाळेत चरबीच्या पेशींवरच पीएचडी करते. फोनवर मी बाटलीवरचं वाक्य वाचून दाखवलं आणि ती हसलीच. “आपा, हे थ्रीटीथ्री-एलवनवर झालं असणार.” पेपर न वाचता कसं सांगतेस, असं मी विचारलं. “कारण या छापाचं बहुतेक सगळं त्याच्यावरच होतं.” तिने शोधून काढला तो पेपरही तसाच निघाला. पेपर लिहिणाऱ्यांनी शीर्षकातच पेशींचं नाव दिलं होतं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवलं ते बाटलीवाल्याने.

ही थ्रीटीथ्री-एलवन भानगड काय आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. पूर्ण वाढलेली चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब आणि त्याभोवती पातळ आवरण. ती विभागत नाही, बशीत वाढत नाही, द्रवात सोडली तर तेलासारखी वर तरंगते. त्यामुळे चरबीची पेशी ‘बनते कशी’ हे पाहायचं असेल तर तिच्या आधीची पेशी धरावी लागते, म्हणजे जी अजून चरबीची झालेली नाही पण होऊ शकते अशी पूर्वपेशी. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या गर्भापासून काढलेल्या पेशींत अशी एक जात सापडली. त्या दर तीन दिवसांनी तीन लाखांच्या हिशेबाने नव्या बशीत हलवायच्या, म्हणून नाव थ्रीटीथ्री. त्यातली एक निवडक शाखा ती एलवन. या पेशींना इन्शुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स नावाचं एक रसायन असं मिश्रण दिलं की आठवडा-दीड आठवड्यात त्यांच्या पोटात तेलाचे थेंब भरतात. मग ‘ऑइल रेड ओ’ नावाचा रंग घालायचा, थेंब लाल होतात. जितकं लाल, तितकी चरबी. मुलीने मला फोटो पाठवला. डाळिंबाच्या दाण्यांचे घोस असावेत तसं दिसतं.

आता तुम्ही बशीत एखाद्या वनस्पतीचा अर्क टाकता. लाल रंग कमी झाला. निष्कर्ष काय? ‘अर्काने चरबीच्या पेशी बनणं रोखलं.’ पण अर्क जास्त झाला आणि पेशी आजारी पडल्या किंवा मेल्या, तरीही लाल रंग कमीच होणार. चांगले संशोधक हे तपासतात. सगळे तपासत नाहीत. आणि बशीतल्या पेशीवर अर्क थेट पडतो. तुम्ही गिळलेली कॅप्सूल जठर, आतडं, यकृत पार करून पोटाच्या चरबीपर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न बशीला पडतच नाही. हळद, मेथी, दालचिनी, ग्रीन टी, कारलं, कोणाकोणाचे अर्क या पेशींवर ओतले गेलेत ते विचारू नका. आमच्या बाटलीवर काळा दाणा आहे म्हणून आम्ही टोपी घालून विकतो. शेजारच्या गल्लीत हेच वाक्य कारल्याच्या चित्राखाली टिळा लावून विकलं जातं. पेशी दोन्हीकडे त्याच.

उंदीर वाईट नाही. चरबीची पेशी बनवणारा आतला मुख्य खटका, पीपीएआर-गॅमा नावाचं प्रथिन, आपल्याला कळलं त्यात या उंदराच्या पेशींचा मोठा वाटा आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नाही, आणि हे चरबीच्या बाबतीत वारंवार महागात पडलं आहे.

२००१ साली रेझिस्टिन नावाचा एक हार्मोन सापडला. कुठे? याच थ्रीटीथ्री-एलवन पेशींत. उंदराची चरबी तो स्रवते आणि त्याने इन्शुलिनला अडथळा येतो. लठ्ठपणा आणि मधुमेह यांना जोडणारा दुवा सापडला, असा गाजावाजा झाला. मग माणसात पाहिलं, तर माणसाची चरबीची पेशी तो जवळजवळ बनवतच नाही. माणसात तो मुख्यतः रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींतून येतो. दुसरं उदाहरण औषधांचं. उंदरांच्या चरबीवर ‘बीटा-३’ नावाचं एक ग्राहक भरपूर असतं. ते चेतवलं की चरबी जळते. १९८० आणि ९० च्या दशकांत औषध कंपन्यांनी त्यावर पैसा ओतला, उंदीर सडपातळ झाले, माणसं होती तशीच राहिली. कारण माणसाच्या पांढऱ्या चरबीत त्या ग्राहकाचं काम फारच कमी. त्या कुळातलं एक औषध आज बाजारात आहे, मिराबेग्रॉन. ते देतात वारंवार लघवीला लागण्याच्या त्रासावर.

एवढंच काय, पेशी घडण्याची रीतही वेगळी आहे. मिश्रण मिळालं की उंदराच्या या पेशी आधी एक-दोनदा विभागतात आणि मग चरबीच्या होतात. माणसाच्या पूर्वपेशींना त्या विभागणीची गरज पडत नाही. आणि पीपीएआर-गॅमा जनुकांवर ज्या ज्या जागी जाऊन बसतो, त्यातल्या बहुतेक जागा उंदरात आणि माणसात जुळत नाहीत.

आपल्या लोकांना इब्न सीनाचं नाव घ्यायला फार आवडतं. दवाखान्यांना, शाळांना, औषधांच्या दुकानांना त्याचं नाव देतो. त्याच्या ‘अल-कानून’मध्ये औषध कसं पारखावं याचे नियम आहेत, आणि त्यात एक नियम असा की परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हायला हवी, घोड्यावर किंवा सिंहावर जे दिसलं ते माणसावर लागू होईलच असं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं ते आमच्या मशिदीच्या फाटकावर अजून पोहोचलं नाही. त्याचं नाव लावायचं आणि त्याचा नियम सोडायचा, हा आमचा जुना धंदा.

मग माणसाच्या पेशी वापरत नाहीत का? वापरतात, आणि बाटलीवाल्याने हेही तुम्हाला सांगितलेलं नाही. २००१ मध्ये जर्मनीतल्या उल्म शहरात मार्टिन वाबिच आणि सहकाऱ्यांनी एसजीबीएस नावाच्या मानवी पेशी जगासमोर ठेवल्या. सिम्पसन-गोलाबी-बेमेल हा शरीर अवाजवी वाढण्याचा दुर्मीळ आजार. त्याची लक्षणं असलेल्या एका तान्ह्या बाळाच्या त्वचेखालच्या चरबीतून त्या आल्या. साध्या माणसाकडून काढलेल्या पूर्वपेशी काही वेळा वाढवल्या की चरबी बनायचं विसरतात. या मात्र पन्नासेक पिढ्यांपर्यंत विसरत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना कर्करोगाच्या पेशीसारखं अमर करावं लागलेलं नाही. त्यांना चरबीकडे वळवायला जे मिश्रण देतात त्यात रोझिग्लिटाझोन असतं. हेच ते मधुमेहाचं औषध, जे हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०१० मध्ये बंद झालं. माणसाला नको झालेलं औषध बशीत अजून रोज कामाला येतं.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी दाखवलं की लायपोसक्शनमध्ये ओढून काढलेल्या, कचऱ्यात जाणाऱ्या चरबीतही अशा पेशी आहेत ज्या पुन्हा चरबीच्या बनवता येतात. आज या दात्यांच्या पेशी विकतही मिळतात. त्यांची अडचण वेगळी. प्रत्येक दाता वेगळा. विशीतल्या बाईची पेशी आणि साठीतल्या पुरुषाची पेशी सारखी वागत नाही. त्वचेखालून काढलेली पूर्वपेशी भराभर तेल भरते, आतड्यांजवळच्या चरबीतली बशीत रडतखडत भरते. माझी विद्यार्थिनी म्हणाली, “आपा, उंदराच्या पेशी सोप्या. सोमवारी सुरू करा, पुढच्या आठवड्यात निकाल. माणसाच्या पेशी नखरे करतात.” मला वाटतं हे नखरेच महत्त्वाचे आहेत. माणसं एकमेकांसारखी नसतात, हेच तर त्या पेशी सांगत असतात.

आता बाटलीवाल्याची बाजू मी त्याच्याहून चांगली मांडते. समजा उद्या खरंच सिद्ध झालं. माणसाच्या पेशीत, माणसाच्या शरीरात, ही कॅप्सूल चरबीच्या नव्या पेशी बनूच देत नाही. मग तर घ्यावी?

अजिबात घेऊ नये. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो. चरबीच्या पेशी बनणं हा आजार नाही. जेवणातून आलेलं जास्तीचं तेल सुरक्षित ठेवायची ती कोठारं आहेत. काही मुलं जन्मतःच चरबीच्या पेशींविना जन्मतात; लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात त्याला. बाटलीच्या हिशेबाने ती सर्वांत निरोगी असायला हवीत. प्रत्यक्षात त्यांना लहान वयात भयंकर मधुमेह होतो, कारण कोठार नसल्यामुळे तेल यकृतात आणि स्नायूंत साचतं. उलट रोझिग्लिटाझोनच्या कुळातली औषधं साखर उतरवतात ती नव्या चरबीच्या पेशी बनायला मदत करून. म्हणजे साखरेच्या रोग्याला ‘चरबीच्या पेशी रोखणारी’ कॅप्सूल विकणं हे गोदामाला कुलूप लावून माल स्वयंपाकघरात, बेडरूममध्ये ओतण्यासारखं आहे. माझ्या खालाच्या नशिबाने त्या कॅप्सूलमध्ये लेबलवर लिहिलेलं करण्याची ताकद नव्हती. होती असती तर?

आणि या प्रश्नाचं सर्वांत जवळचं उत्तर जर्मनीत नाही, पुण्यात आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ! याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचीही मापं घेतली होती. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. आपलं बाळ बारीक, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. ‘बारीक-लठ्ठ’ बाळ.

माझी खाला ४६ किलोची, काडीसारख्या हातांची, तिला साखर कशी, असं गल्लीत सगळे विचारायचे. याचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच आपल्या राज्यातल्या अभ्यासातून छापलं गेलं होतं. आपल्याकडच्या अनेकांच्या त्वचेखालचं कोठार लवकर भरतं आणि जास्तीचं तेल पोटात, यकृतात सांडतं, असं आज कितीतरी संशोधक मानतात. तसं असेल तर आमच्या पूर्वपेशी नवी कोठारं बांधायला कुठे कमी पडतात, हा प्रश्न बशीत विचारता येतो. पण त्यासाठी बशीत आमच्या माणसांच्या पेशी हव्यात. त्याच पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या भांडारातून देशभरच्या प्रयोगशाळा पेशी मागवतात, आणि चरबीवर काम करायचं म्हटलं की सर्रास मागवला जातो तो उंदीरच. एका शहरात बारीक-लठ्ठ माणसाचं कोडं, त्याच शहरात ते न सुटणारी किल्ली वाटली जाते. संशोधकांना माझा प्रश्न आहे: सोय म्हणून हे किती वर्षं चालणार?

आणि आपल्या लोकांनाही. पित्ताशयाचं, हर्नियाचं, सिझेरियनचं ऑपरेशन होतं तेव्हा चमचाभर चरबी हाताशी असते. ती संशोधनाला द्याल का, असं विचारलं की आम्ही शरीर अमानत आहे म्हणतो आणि सही नाकारतो. अमानत आहेच. पण तीच अमानत आम्ही चार महिने एका अनोळखी बाटलीच्या हवाली करतो, तेव्हा कोणाला विचारतो? नकाराचं एक कारण मात्र मला पटतं: विचारलं नीट जात नाही. माझ्या विद्यार्थिनीने दाखवलेला संमतीचा फॉर्म चार पानी इंग्रजीत होता. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या गरीब काळ्या बाईच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या, त्यावर जगभर उद्योग उभे राहिले, आणि तिच्या घरच्यांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये. असा इतिहास असताना भीती वाटणं मूर्खपणाचं नाही. फॉर्म मराठीत आणि उर्दूत द्या, पेशी कुठे जाणार, कोण विकणार, मन बदललं तर काय, हे साध्या भाषेत लिहा, आणि मग विचारा. मी त्या चार पानांचा तर्जुमा करून दिला आहे. ‘प्रीअ‍ॅडिपोसाइट’साठी काय लिहावं यावर आमचा अर्धा तास गेला, शेवटी मराठीत ‘चरबीची होण्याआधीची पेशी’ असं लिहिलं. खालाने वाचून विचारलं, “मेरी चर्बी लेके क्या करेंगे?” फॉर्म हातात घेतल्यावर कोणी तरी प्रश्न विचारला, याचाच मला आनंद झाला.

राहिली बाटली. औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या यादीत मधुमेहही आहे आणि लठ्ठपणाही. या आजारांवर इलाजाची अशी जाहिरात करताच येत नाही, मग दाणा काळा असो की कारलं हिरवं. मशिदीच्या ट्रस्टींना मी हे लेखी कळवलं आहे. टेबल हटवा असं मी म्हटलेलं नाही, अत्तर विकू द्या, बाटली हटवा. सदरसाहेब भले आहेत, म्हणाले, “मॅडम, बघतो.” बघताहेत.

वर्तमानपत्रांतल्या ‘चरबी वितळवणारं द्रव्य सापडलं’ छापाच्या बातम्या लिहिणाऱ्या माझ्या मराठी मित्रांनाही तोच अर्ज. मूळ बातमीत ‘उंदराच्या पेशींत’ हे शब्द असतात. तर्जुमा करताना ते तुमच्याच टेबलावर गळतात. दोन शब्दांनी जागा किती वाढेल?

बाटलीवर एक मोबाइल नंबर होता. मी मेसेज केला: ‘अस्सलामु अलैकुम. तुमच्या लेबलवरच्या संशोधनातली चरबीची पेशी कोणाची होती, कृपया कळवावे.’ दोन निळ्या खुणा लगेच आल्या. संध्याकाळी उत्तर आलं: ‘बाजी १०० टक्के नॅचरल आहे. तीन बाटल्यांवर एक फ्री. ॲड्रेस पाठवा.’